आपण कोणत्या मजल्यावर आहोत?

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस गेले की घोडनदीच्या पुलावरून मेंढरं येतात आणि पुणे–नगर रस्ता जागच्या जागी थांबतो. एस.टी. थांबते, उसाच्या गाड्या थांबतात, रांजणगावकडं निघालेले ट्रक थांबतात आणि ट्रकवाले खिडकीतून अर्धे बाहेर येऊन हिंदीत मेंढरांच्या आईबहिणीची चौकशी करतात. मेंढरांना हिंदी येत नाही. ती आपल्या चालीनं जातात. मी गच्चीवर खुर्ची टाकून बघत बसतो. यंदा गेला तो कळप दहा हजारांच्या खाली नव्हता. बायको म्हणते, तीनशे. तिला पहिल्यापासून मेंढरं कमी दिसतात.

निवृत्त झाल्यापासून मी फार काम करतो. सकाळी पेपर वाचून दमतो, मग दमलो म्हणून पडतो, मग पडून पडून पाठ दुखते ती घेऊन गच्चीवर येतो. पूर्वी मी दिवसाला चाळीस किलोमीटर लुना हाकत होतो. माझ्या लुनाचा आवाज असा होता, की ती गावाच्या वेशीत शिरली की म्हशी दूध चोरायच्या. आता जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतो आणि काहीतरी महत्त्वाचं आठवल्यासारखा चेहरा करतो. म्हणजे खालून बघणाऱ्याला वाटावं, माणूस विचारात आहे.

मेंढरं पुलावरून उतरतात, रस्ता सुटतो, हॉर्न लांब जातात. मागं राहतो तो वास. लोकर, लेंड्या, धूळ आणि दूध, असा एकत्र. तो नाकात गेला की माझे पाय पुन्हा राहू गावच्या माळावर जातात. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, गुऱ्हाळं नुकती पेटली होती, हवेत काकवीचा वास इतका दाट, की तोंड उघडं ठेवून लुना चालवली तर मुक्कामी पोचेपर्यंत जेवण व्हायचं. आणि ऊन असं, की म्हातारी माणसं त्याला ऑक्टोबरचं ऊन न म्हणता नुसतं ‘त्ये’ म्हणायची. नाव घेतलं तर आणखी तापेल म्हणून.

मी तेव्हा आरोग्य खात्यात होतो. घरोघर जाऊन तापाच्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि भिंतीवर गेरूनं तारीख टाकून पुढच्या घरी जायचं. त्यामुळं शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत माझं नाव कुणाला माहीत नव्हतं. सगळे मला ‘मलेरिया’ म्हणत. “मलेरिया आलाय, च्या टाका,” असं लोक आत ओरडून सांगायचे. एका लग्नपत्रिकेवरसुद्धा माझं नाव तसंच छापलं होतं, पण ते असो.

त्या हंगामात पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळातून एक डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, कॅनव्हासचे बूट, खांद्याला थर्मास, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. डोंगराकडचे ठाकर, नदीकाठचे भिल्ल, माळावरचे धनगर अशा इथल्या जुन्या लोकांत म्हातारपणी विसरण्याचा आजार कितपत आहे, ते त्यांना शोधायचं होतं. तोवर ते कुणी शोधलं नव्हतं. म्हातारं माणूस बरळायला लागलं की ‘वय झालं’ म्हणायचं आणि त्याच्यापुढं ताट सरकवायचं, एवढाच उपचार आम्हाला ठाऊक. बाईंचं काम चांगलं होतं. मी त्यांच्याबरोबर दुभाष्या म्हणून नेमला गेलो. मराठीतून मराठीत. माझा जन्म राहूचा, धनगराच्या घरातला. आमची मेंढरं आजोबांच्या काळातच गेली आणि शेती आली, पण बोली तोंडात राहिली होती.

बाईंकडं एक फॉर्म होता. तो मूळचा साहेबाच्या देशातला, वाटेत दिल्लीला मुक्काम करून मराठीत आलेला. लांबीला म्हणाल तर शिरूरला एक टोक धरलं असतं तर दुसरं चौफुल्याला पोचलं असतं. तीस गुण. गुण कमी पडले तर आजार.

पहिल्याच दिवशी कासुर्डीत एका म्हातारीला विचारलं, “आजी, आज तारीख काय?”

“का? तुमच्याकडं क्यालेंडर न्हाई व्हय?” म्हातारी म्हणाली.

“वार कुठला ते सांगा.”

“परवा यवतचा बाजार झाला. आता तुमीच बगा.”

“आणि वर्ष?”

“थोरल्या नातीचं लगीन झालं त्याच्या फुडलं.”

बाईंचं पेन कागदावर थांबलं. तिन्ही उत्तरं बरोबर होती आणि तिन्हींना मांडायला फॉर्मात जागा नव्हती. बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी बाभळीकडं बघितलं. शून्य पडलं. म्हातारीनं आम्हाला निघताना शेंगा दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “बाईला काय आठवत न्हाई का रं? एवढ्या तरण्या वयात?”

असं महिनाभर चाललं. ज्यांच्या डोक्यात आख्ख्या गावाच्या सोयरिकी आणि त्या मोडल्याची कारणं पाठ होती, अशी माणसं दहा-बारा गुण घेऊन आजारी ठरत होती. मी लुनावर, मागं बाई, बाईंच्या मांडीवर फॉर्मांचा गठ्ठा. संध्याकाळी त्या एकही शब्द बोलायच्या नाहीत. मी बोलायचो, दोघांच्या वाटचं.

आणि शिरूरला, मिशनच्या जुन्या आवारात, एका निवृत्त गुरुजींनी तीसपैकी तीस घेतले. पांढरा शुभ्र सदरा, तारीख इंग्रजीत सांगितली, शंभरातून सात-सात वजा करत थेट दोनवर येऊन थांबले आणि “आणखी करू?” म्हणाले. बाईंचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा उजळला. आम्ही फाटकापर्यंत आलो तेव्हा गुरुजींच्या पत्नी मागून चालत आल्या. फाटकाची कडी धरून हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, दोन महिने झाले. ते मला आई म्हणतात.”

त्या दिवशी लुना मी ढकलत नेली. पेट्रोल होतं. चालू करायचं सुचलं नाही.

हल्ली मी स्वतः स्वयंपाकघरात जातो आणि कशाला आलो ते विसरून उगाच पाणी पिऊन परत येतो. दिवसाकाठी पंधरा-वीस तांबे होतात. बायको काही म्हणत नाही, पण बघते. पूर्वी मला वाटायचं, माणूस हरवतो म्हणजे एखाद्या दिवशी रस्ता चुकतो. तसं नसतं. आधी बघणाऱ्याची नजर बदलते. घरातलं कुणीतरी एक माणूस तुमच्याकडं थोडा जास्त वेळ बघायला लागतं. त्या नजरेचा प्रश्न आमच्या फॉर्मात नव्हता.

आप्पा राहूच्या माळावर भेटले. गावात बहुतेकांची मेंढरं जाऊन ऊस आला होता, पण आप्पांच्या घरी कळप टिकून होता. दरसाल पाऊसकाळ सरला की हे घर पश्चिमेला घाटाच्या अंगाला उतरायचं आणि आठ महिन्यांनी, पावसाच्या तोंडाला परतायचं. आप्पा सत्तरीपुढचे. उंची सांगितली तर खोटी वाटेल म्हणून सांगत नाही. ते वाकून चालायचे तेव्हा माझ्याएवढे दिसायचे. साठ वर्षं कळपाच्या पुढं तेच चालले होते. त्यांचा मुलगा भिवा माझा लहानपणचा सवंगडी. भिवाची बायको ठकूबाई: बारीक अंगाची, कमी बोलणारी, तिच्या हातात सतत काहीतरी काम.

पडीक शेतात मुक्काम होता. मेंढरांभोवती वाघूर, म्हणजे त्यांचं ते जाळं, ताणून लावलेलं. मोकळ्या आभाळाखाली घोंगडीवर बाई बसल्या, समोर आप्पा, मध्ये मी. बाईंनी फॉर्म काढला आणि त्यात छापलं होतं तसं विचारलं, “आजोबा, आपण आत्ता कोणत्या मजल्यावर आहोत?”

आप्पांनी वर बघितलं. मग खाली, मातीकडं. पुरता विचार केला.

“खाली पाताळ, वर आभाळ,” ते म्हणाले. “मधला आला की.”

भिवा हसला, मी हसलो, बाईंनाही हसू आवरेना. पण फॉर्म हसत नव्हता. शून्य.

“मी तीन वस्तू सांगते, लक्षात ठेवा. टेबल, सफरचंद, छत्री.”

“सफरचंद आजाऱ्याला नेत्यात,” आप्पा माझ्याकडं वळले. “कोण आजारी हाय रं, मलेरिया?”

“कुणी नाही, आप्पा. नुसतं ध्यानात ठेवायचं.”

“मग आणलं कशाला?”

मग गणित. “शंभरातून सात गेले, किती राहिले?”

“कुटं गेले?”

“गेले असं समजा,” बाई म्हणाल्या.

“समजा कसं? सात मेंढरं गेली आन् मी हितं बसून हिशेब लावू?” आप्पा काठी टेकून उठलेच. “लांडग्यानं न्हेली का चोरानं, त्ये सांगा आधी!” त्यांना खाली बसवायला भिवाला आणि मला दोघांना जोर लावावा लागला.

शेवटी कागद-पेन्सिल देऊन घड्याळ काढायला सांगितलं. आप्पांनी पेन्सिल मुठीत धरली, जीभ दातात धरून एक मोठं गोल काढलं आणि एका बाजूला ते उघडं सोडलं. आकडे नाहीत, काटे नाहीत. “ह्ये दार,” ते म्हणाले. “हितनं मेंढरं आत घ्यायची.”

तीसपैकी आठ.

बाईंनी बेरीज खालच्या चौकोनात लिहिली. भिवा चौथी शिकलेला. त्यानं वाकून तो आकडा वाचला आणि त्याचं हसू गेलं. त्याच संध्याकाळी त्यानं जाहीर केलं, यंदा आप्पा घाटाकडं येणार नाहीत. गावात चुलतभावाच्या स्लॅबच्या खोलीत राहतील. आठ महिने.

“डाक्टरीणबाईंनी कागदावर लिवलंय, लेका,” भिवा मला म्हणाला. “वाटंत काय झालं तर मी कुणाला तोंड दावू?”

आप्पा चार हातांवर बसून ऐकत होते. साठ वर्षांत हा माणूस छपराखाली झोपला असेल तो लग्नाच्या मांडवात. हातातली लोकर पिंजत राहिले, आणि पिंजून झालेलीच पुन्हा पिंजायला घेतली.

मला राग आला. राग खरा होता, पण त्यात फुशारकीही होती. महिनाभर फॉर्मापुढं गप्प बसून मी आंबलो होतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “भिवा, ही परीक्षा साहेबाच्या म्हाताऱ्याची हाय. आपल्या म्हाताऱ्याची मी घेतो. उद्या सकाळी. आप्पा पास झाले तर कळपाच्या फुडं तेच चालतील. जबाबदारी माझी.”

बाई म्हणाल्या, “घ्या. पण मी ऐकायला बसणार.”

दुसऱ्या दिवशी माळावर अर्धं राहू जमलं होतं. चहाची गाडी आली होती, भेळ आली होती, पाळणा तेवढा राहिला. मी पाटलासारखा बसलो आणि विचारलं, “आप्पा, राहू सोडलं की पयला मुक्काम कुटला?”

आणि आप्पा सुटले. पहिला मुक्काम, दुसरा, तिसरा. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठला शेतकरी भाकरीबरोबर ठेचा देतो, कुठल्या ओढ्याला कोणत्या वर्षी वाघूर वाहून गेली, कुठल्या वळणावर त्यांच्या थोरल्या भावाला पान लागलं, म्हणजे साप चावला. घाटमाथ्यापर्यंत एक गाव चुकलं नाही. मेंढरांचे रोग विचारले, झाडपाला विचारला, ढग विचारले. म्हातारा नदीसारखा वाहत होता. माणसं माना डोलवत होती. मध्येच आप्पा म्हणाले, “तिसऱ्या मुक्कामाला चिंचंखाली उतरायचं, ऐसपैस सावली हाय.” ती चिंच मला माहीत होती. ती तोडून सात-आठ वर्षं झाली होती आणि तिथं एका कंपनीचं गेट होतं. कळप दरसाल त्या गेटावरून वळसा घालून जायचा, आप्पा स्वतः पुढं असायचे. मी ऐकलं. आणि हसून पुढचा प्रश्न विचारला.

“शंभरपैकी एकशे दहा!” मी ओरडलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भिवानं आप्पांच्या पायावर डोकं ठेवलं.

बाई कागद गोळा करत हळूच म्हणाल्या, “तुम्ही सगळं जुनं विचारलंत. जुनं शेवटपर्यंत राहतं हो.”

“बाई, तुमचा फॉर्म हरला, एवढंच,” मी म्हणालो. हे वाक्य मी पुढं कितीतरी वेळा मनातल्या मनात परत घेतलं आहे. ते निघत नाही.

दोन दिवसांनी निरोप घ्यायला म्हणून मी दिवस कलताना एकटाच माळावर गेलो. निघायला एक दिवस उरला होता. त्या वेळी मेंढरं चरून परत येतात. दिवसभर कोकरं मुक्कामावर बायांपाशी असतात, आया रानात. कळप जाळ्याशी आला की दोन्हीकडून जो कालवा होतो, त्यानं भीमेचं पाणी थरथरतं. जाणती कोकरं आपली आई शोधतात. पण चार दिवसांची, आठ दिवसांची पिल्लं आणि पहिलटकरणी मेंढ्या यांची गाठ माणसाला घालून द्यावी लागते. शेकडो तोंडं, सगळी सारखी. घरातला जाणता माणूस एकेक कोकरू उचलतो आणि न विचारता बरोबर त्याच्या आईला नेऊन लावतो. आमच्यात यालाच अक्कल म्हणतात. साक्षरता वगैरे नंतर आली.

आप्पांनी एक काळं कोकरू उचललं, चार पावलं गेले आणि एका मेंढीच्या कासेला लावलं. मेंढीनं वास घेतला आणि ढुशी देऊन त्याला उडवलं. आप्पांनी ते पुन्हा उचललं. पुन्हा त्याच मेंढीला लावलं. मेंढीनं पुन्हा उडवलं. आप्पा मेंढीवर रागावले, “आगं, तुजंच हाय की!” आणि तिसऱ्यांदा वाकले.

तेवढ्यात ठकूबाई सरपणाची मोळी घेऊन आडवी आली. “मामंजी, जरा ह्ये धरा,” म्हणून मोळी त्यांच्या हातात दिली, कोकरू उचललं, दुसऱ्या मेंढीला लावलं. ते लुटूलुटू पिऊ लागलं. हे सगळं तिनं इतक्या सहज केलं, की डोळ्याची पापणी लवली असती तर मला दिसलं नसतं. मग मी जवळ जाऊन बघितलं. प्रत्येक कोकराच्या गळ्यात लुगड्याची चिंधी होती आणि तशाच रंगाची चिंधी त्याच्या आईच्या.

“वैनी, ह्ये कवापासनं?”

ती कोकरांकडं बघत म्हणाली, “श्रावणापासनं.”

“भिवाला ठाव हाय?”

“चिंध्या रोज बगत्यात. कशाला त्ये ठाव न्हाई.” मग माझ्याकडं न बघता, ती एका दमात बोलली. मी तिला एवढं बोलताना आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. “सांगितलं तर ह्ये त्यांना गावात ठिवतील. सलाबाच्या खोलीत महिनाभर जगणार न्हाईत. आन् भावजी, तुमी परवा पास केलंत त्यांना. आता परवा सकाळी ह्ये त्यांना कळपाच्या फुडं लावतील. हायवेवर. मागच्या साली त्यांनी चिंच शोधत कळप गेटात घातला व्हता, मी लांबनं बगितलं. ह्यांना वाटलं, उन्हानं झालं. बाईंनी नापास केलं तरी मरण, तुमी पास केलं तरी मरण. आन् मला दोघांनी बी काय इचारलं न्हाई.”

मी खाली बसून एका कोकराची सुटलेली चिंधी पुन्हा बांधली.

सकाळी मी बाईंना घेऊन गेलो. वाटेत सगळं सांगितलं, चिंचेचंही. मला वाटलं होतं, त्या ‘मी म्हटलं नव्हतं का?’ असं म्हणतील. त्या म्हणाल्या, “चिंच मलाही कळली नसती. मला तर ती तिथं होती हेच माहीत नव्हतं.” मग ठकूबाईशेजारी जमिनीवर बसल्या, फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या. कोकरू कधी पहिल्यांदा चुकलं? रोज चुकतं का? मेंढरू हरवल्यावर शोधतात का, की हरवलं हेच कळत नाही? घोंगडी उलटी पांघरतात का? कुठल्या नातवाचं नाव आधी गेलं? ठकूबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत उत्तरं देत होती. दोन तास. मी दुभाष्या म्हणून बसलो होतो, पण माझी गरज पडली नाही.

उठताना बाई म्हणाल्या, “आजार आहे. सुरुवात आहे. पण माणूस अजून बराच शिल्लक आहे. त्याला त्याच्या माणसांतून आणि कामातून उचलून नेऊ नका. फक्त वाट त्यांच्या हातात देऊ नका.”

भिवाला सांगायचं काम माझं होतं. जबाबदारी मीच घेतली होती ना, अर्ध्या राहूसमोर. मी त्याला ओढ्याकडं नेलं आणि सांगितलं, “मी चुकलो, भिवा. आप्पा फुडं चालायचं न्हाईत.”

तो ओढ्यात खडे टाकत बसला. “तू म्हनलास एकशे दहा.”

“व्हय.”

“टाळ्या वाजवल्या लोकांनी.”

“व्हय.”

“मग आता गावात ठिवू?”

“न्हाई. वैनीबरोबर येतील. बिऱ्हाडासंगं.”

भिवानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या बापाला लुगडं नेसायला सांगितलं होतं. तसंच होतं ते. आमच्यात गडी कळप घेऊन एका वाटेनं चालतात. बाया घोड्यांवर भांडीकुंडी, घोंगड्या, कोंबड्या आणि अंगावरची पोरं लादून दुसऱ्या, जवळच्या वाटेनं पुढं जातात आणि मुक्कामावर चूल मांडून ठेवतात. बिऱ्हाडाबरोबर गडी चालला तर तो एक तर आजारी असतो नाहीतर संपलेला. साठ वर्षं कळपाच्या पुढं चाललेल्या माणसाला हे सांगणार कोण? “म्या न्हाई सांगायचा,” भिवा म्हणाला. “आप्पा जीव देतील.”

“मी सांगतो,” असं मी म्हणालो नाही. त्या आठवड्यात मी पुरेसं बोललो होतो.

निघायच्या दिवशी उजाडता उजाडता मी पोचलो. जाळी गुंडाळून झाली होती. चुलीच्या दगडांवर पाणी ओतलेलं, त्याची वाफ येत होती. भिवानं कळप शेताच्या तोंडाशी आणून उभा केला होता आणि तो पाठमोरा उभा होता, मान न वळवता. आप्पांनी डोक्याला लाल मुंडासं बांधलं होतं, घोंगडी खांद्यावर टाकली होती, काठी घेतली होती आणि ते साठ वर्षांच्या सवयीनं कळपाच्या पुढच्या टोकाकडं निघाले होते.

ठकूबाईनं घोडीवर बाज बांधली, वर घोंगड्या, वर कोंबड्यांचं डालगं. लगाम हातात घेतला आणि हाक मारली, “मामंजी!”

आप्पा थांबले.

“जरा माझ्यासंगं चला. घोडी माझ्यानं आवरंना झालीया. लई वढती.”

आप्पा वळले. घोडी डोळे मिटून उभी होती. कोंबड्या तिच्या पाठीवर फडफडत होत्या, डालग्याची काडी तिच्या कानात जात होती, आणि ती शेपूटही हलवत नव्हती. आप्पांनी घोडीकडं बघितलं. मग कळपाकडं, मग पाठमोऱ्या भिवाकडं. माझ्याकडंही बघितलं, आणि मी मान खाली घातली. पुण्याच्या बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या, त्यांच्या हातात त्या दिवशी कागद नव्हता.

म्हातारा सावकाश चालत परत आला. घोडीच्या कपाळावरून हात फिरवला.

“ठके,” ते म्हणाले, “लई गरीब हाय गं ही घोडी.”

ठकूबाईनं लगाम गच्च धरला होता.

आप्पांनी तिच्या हातातून तो हलकेच सोडवून घेतला, आपल्या मनगटाला एक वेढा दिला आणि बायांच्या वाटेकडं तोंड केलं.

“चल,” ते म्हणाले. “दाव कुनीकडनं जायाचं त्ये.”